पाणी कमी पितो, कारण मग जावं लागतं... (पुरुषांच्या लघवीच्या तक्रारी आणि आपल्या सवयी)

कूलरवाला_भाऊ | १४ मे, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. विषय असा आहे की चहाच्या टपरीवरही कोणी काढत नाही.

मी नागपुरात कूलर-एसी दुरुस्तीचं काम करतो. वय ३९. मार्च ते जून दिवसाला आठ-दहा घरं होतात. सकाळी नंदनवन, दुपारी त्रिमूर्तीनगर, संध्याकाळी जरीपटका, डोक्याला दुपट्टा बांधून गाडीवर. गच्चीवर एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ बसलं की वरून ऊन आणि समोरून गरम हवेचा झोत. पाण्याची बाटली गाडीला लटकलेली असते, पण मी पीत नव्हतो. कारण एकच. प्यायलं की जावं लागतं, आणि लोकांच्या घरी "बाथरूम वापरू का" विचारायला जीभ रेटत नाही. दहा वर्षं हेच चाललं. दिवसभरात दोनदा लघवी, तीही गडद पिवळी आणि जळजळ करत. घरचे म्हणायचे उन्हाळी लागली, सब्जा घे. रात्री आठला घरी आलो की माठापुढे उभा राहून चार ग्लास एका दमात.

गेल्या महिन्यात पहाटे तीनला डाव्या कुशीत कळ उठली. बसवेना, झोपवेना. भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो, उलटी झाली. बायकोला वाटलं हार्ट अटॅक. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत ४ मिलिमीटरचा खडा निघाला. चौदाव्या दिवशी पडला. लघवी चहाच्या गाळणीतून करायला सांगितली होती, त्यात अडकला. तळहातावर घेतला तर ज्वारीच्या दाण्याएवढा, तपकिरी, कडेने काटेरी. तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट आलं.

माझा प्रश्न असा. जावं लागू नये म्हणून पाणी तोडणारे माझ्यासारखे इथे किती आहेत? आणि तुम्ही आपली कोणती सवय बदलली, ज्याने खरंच फरक पडला? मोकळं लिहा.

ट्रॅव्हल्सवाला_गज्या | १४ मे, रात्री १०.३५

भाऊ, तुमी तं माह्याच मनातलं लिवलं. मी रातची गाडी चालवतो, नागपूर-पुणे. गाडी थांबवली का मागून कोणीतरी ओरडते, उशीर होऊन रायला म्हणून. मंग काय, दाबून बसा. आता डॉक्टरनं सांगितलं का तीन तासाच्या वर धरायचं नाही. मी क्लीनरले सांगून ठेवलं, तू आठवण दे. तो मोबाईलवर घंटी लावून ठेवते. प्रवाशायलेबी बरं वाटते, निम्मे तं माह्यासंगच उतरते!

काकासाहेब_धंतोली | १४ मे, रात्री ११.०२

सोपा उपाय. उठल्याबरोबर दीड लिटर, दिवसभरात एकूण पाच लिटर पाणी. मी वीस वर्षं करतो आहे. वय ६४, एकही खडा नाही. आमच्या पिढीला माठ होता, तुमच्या पिढीला बाटली आहे, पण प्यायची इच्छा नाही.

सांबारवडी | १४ मे, रात्री ११.१०

काका, पाच लिटर प्यायलो तर माझी नोकरी बाथरूममध्येच होईल :)

बिनकोटाचा_डॉक्टर | १५ मे, सकाळी ७.२०

मी मूत्ररोगाचाच डॉक्टर आहे. रोज ओपीडीत हेच ऐकतो, पण तिथे पाच मिनिटं असतात, इथे सविस्तर लिहिता येईल. कूलरवाला भाऊ, धागा काढलात ते फार चांगलं केलंत.

आधी एक समज दुरुस्त करतो. तुमचा खडा लघवी रोखल्यामुळे झालेला नाही, पाणी तोडल्यामुळे झाला आहे. असा खडा मूत्रपिंडात तयार होतो. घामावाटे पाणी गेलं, वरून प्यायलं नाही, की लघवी घट्ट होते. मग तिच्यातलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट विरघळून राहत नाही, त्याचे स्फटिक जमतात. म्हणूनच उष्ण भागात आणि उन्हाळ्यात मुतखड्याचे पेशंट वाढतात.

रोखण्याचं नुकसान वेगळं आहे. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावतं, दीड-दोनशेला पहिली जाणीव होते. एखाद वेळी रोखलं म्हणून काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं रोज ताणत राहिलं की काहींची जाणीव बोथट होते, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. बायकांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार दिसतो. पुरुषांत तो कमी, म्हणून पुरुषाला झाला तर गोळ्या घेऊन गप्प बसू नये, का झाला ते शोधावं.

आता काकासाहेबांचे पाच लिटर. काका, तुम्हाला मानवलं, आनंद आहे. पण हा आकडा सगळ्यांना देऊ नका. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्याला एवढं पाणी घातक ठरू शकतं. पाणी मोजण्यापेक्षा लघवी बघा. ज्याला एकदा खडा झाला त्याला २४ तासांत दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. त्यासाठी गच्चीवर काम करणाऱ्याला किती प्यावं लागेल ते त्याच्या घामावर आहे, एसीत बसणाऱ्याला त्यापेक्षा पुष्कळ कमी पुरेल. रंग फिकट पिवळा असला की ठीक. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने ती पिवळीजर्द होते, बिटाने लालसर होते, तेवढं लक्षात ठेवा. आणि रात्री आठला चार ग्लास एकदम पिऊन दिवसाची भरपाई होत नाही. दिवसभर घट्टच राहते, वर रात्रीची झोप जाते.

काकासाहेब_धंतोली | १५ मे, सकाळी ८.०५

डॉक्टर, मान्य. मला बीपी आहे हे लिहायचं राहिलं. पुढच्या भेटीत माझ्या डॉक्टरांना पाण्याबद्दल विचारतो.

पन्हेवाली_सुमन | १५ मे, सकाळी ९.३०

आमच्या घरी उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी असते, दुपारी पन्हं, संध्याकाळी ताक. यांना दोनदा खडा झाला तेव्हापासून कुळथाचं कढणही करते. डॉक्टर, हे चालतं ना? दूध मात्र पूर्ण बंद केलंय, कॅल्शियमचा खडा म्हणून.

बिनकोटाचा_डॉक्टर | १५ मे, सकाळी ९.५५

सुमनताई, दूध-दही आजपासून सुरू करा. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. ते बंद केलं की उलट जास्त ऑक्झलेट रक्तातून लघवीत येतं. कमी करायचं ते मीठ. मीठ जास्त खाल्लं की किडनी लघवीत कॅल्शियमही जास्त सोडते. म्हणून ताक प्या, पण चमचाभर मीठ टाकून नको. लिंबूपाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट स्फटिक जमू देत नाही. तेही मीठ-साखर बेताने. वाळ्याचं पाणी, कढण यानिमित्ताने द्रव पोटात जातो हा फायदा आहेच. मात्र कढणाने मोठा खडा फुटेल या आशेवर कळ काढत बसू नका. ताप आणि खडा एकत्र आले तर त्याच दिवशी दवाखाना.

सावजीप्रेमी | १५ मे, सकाळी १०.४०

म्हणजे सावजी बंद? आमचा रविवार गेला.

बिनकोटाचा_डॉक्टर | १५ मे, सकाळी १०.५२

महिन्यातून एखादा रविवार ठेवा. दर रविवारी दोन प्लेट मटण, वर रस्सा, आणि पाणी कमी, असं असेल तर युरिक ॲसिडच्या खड्याला निमंत्रण आहे.

बंटी_सदर | १५ मे, दुपारी १२.१५

आणि बिअरने खडा पडतो ते? आमच्या ग्रुपमध्ये तर एकाला मुद्दाम पाजली होती.

बिनकोटाचा_डॉक्टर | १५ मे, दुपारी १२.४०

लघवी वाढते म्हणून तसं वाटतं. पण दारू शरीरातलं पाणी ओढून बाहेर काढते, दुसऱ्या दिवशी लघवी आणखी घट्ट होते, आणि बिअरने युरिक ॲसिडही वाढतं. साधं पाणी पाजा मित्राला.

मिहानचा_पाखरू | १५ मे, दुपारी १.३०

वय २६. मिहानमध्ये नाईट शिफ्ट. रात्रीतून चार कॉफी, दोन एनर्जी ड्रिंक. मला उलटी तक्रार आहे. दर अर्ध्या-पाऊण तासाला जावंसं वाटतं, गेल्यावर जेमतेम येते. मीटिंगमध्ये पाय हलवत बसतो. शुगर तपासली, नॉर्मल आहे. लघवीची तपासणीही नॉर्मल.

बिनकोटाचा_डॉक्टर | १५ मे, दुपारी २.१०

शुगर आधी तपासलीस हे उत्तम केलंस. आता कॉफी आणि एनर्जी ड्रिंक आठवड्याभरात हळूहळू कमी कर. कॅफिन लघवी वाढवतं आणि मूत्राशयाला चाळवतंही. पोट साफ होत नसेल तर तेही बघ, भरलेलं आतडं पिशवीवर दाब देतं. मग पिशवीला वळण लाव. पाऊण तासाला जातोस ना, एक तास थांब. आठवड्याने सव्वा तास. घाईची लहर आली की पळायचं नाही, जागीच थांबून खालचे स्नायू, वारा रोखताना आवळतो तेच, पाच-सहा वेळा आवळायचे. लहर ओसरते. महिन्या-दीड महिन्यात फरक दिसतो. गज्याभाऊंना मात्र हे नाही, त्यांनी घंटी वाजली की उतरायचं.

महालचा_मधला | १५ मे, रात्री ९.२०

सगळं वाचलं. आमच्या बाबांचं लिहितो, कोणाच्या तरी कामी येईल.

बाबा ७१. दोन वर्षांपासून रात्री चार-पाच वेळा उठायचे. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, मोरीत उभे राहून नळ सोडून ठेवायचे. आम्ही विचारलं की "वय झालं" म्हणायचे. आता मागे वळून बघतो तर कितीतरी गोष्टी दिसतात. लग्नात पंगतीच्या टोकाला बसायचे. कीर्तनाला दाराजवळ. फुटाळ्यावर फिरायला जाणं बंद केलं, म्हणाले गर्दी असते. आम्हाला वाटलं स्वभाव बदलला.

डिसेंबरात सर्दी झाली. दुकानातून सर्दीची गोळी आणली, दोन दिवस घेतली. दुसऱ्या रात्री लघवी तुंबली. एक थेंब नाही. बेंबीखाली पोट ढोलकीसारखं ताठ. रात्री एकपर्यंत त्यांनी कोणाला उठवलं नाही. मी पाणी प्यायला उठलो तर ते मोरीच्या उंबऱ्यावर बसलेले, घामाने बनियन ओली, डिसेंबरच्या थंडीत. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला त्यांचा हात माझ्या मनगटावर आवळायचा. दवाखान्यात नळी घातली, पिशवीत ९०० मिली निघालं. नळीतून येऊ लागलं तसे बाबा रडले. मी त्यांना रडताना कधीच पाहिलं नव्हतं.

प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाभोवती असते ती ग्रंथी, वाढलेलं होतं. आता गोळी सुरू आहे, रात्री एकदाच उठतात. पुन्हा फुटाळ्याला जायला लागलेत.

पन्हेवाली_सुमन | १५ मे, रात्री ९.३५

वाचून डोळे भरून आले. बाबांना नमस्कार सांगा.

बिनकोटाचा_डॉक्टर | १५ मे, रात्री १०.१५

मधले, हे लिहिलंत म्हणून आभार. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत दोन तऱ्हेची औषधं असतात. एक नाक मोकळं करणारं, ते मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं. दुसरं शिंका थांबवणारं, ते पिशवीचं आकुंचन मंदावतं. प्रोस्टेट आधीच अक्रोडाचं लिंबू झालेलं असेल तर एवढ्याने वाट बंद होते. पन्नाशीच्या पुढे ज्याची धार बारीक आहे त्याने सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रोस्टेट वाढणं वयाने होतं, सवयीने आपण ते थांबवू शकत नाही. पण त्रास किती होतो ते बरंच सवयींवर आहे. संध्याकाळनंतर चहा आणि पाणी कमी करायचं, दिवसाचं नाही. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. बसून केलीत तर अशा लोकांची पिशवी जास्त नीट रिकामी होते, यात कमीपणा काही नाही. गोळी सुरू झाल्यावर सुरुवातीला झटकन उठू नका, चक्कर येऊ शकते.

मुक्ता_धरमपेठ | १६ मे, सकाळी ८.४०

रात्री उठणं म्हणजे प्रोस्टेटच, असं धरून चालू नका. आमच्याकडे हे (वय ५६) रात्री चारदा उठायचे. प्रोस्टेट ठीक निघालं. डॉक्टरांनी विचारलं, संध्याकाळी पाय सुजतात का? घोरतात का? दोन्ही होतं! दिवसभर काउंटरवर उभं राहून पायात पाणी साचायचं आणि आडवं झालं की तेच लघवीवाटे बाहेर. आता संध्याकाळी सहाला घरी आले की अर्धा तास पाय उशीवर. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, ते रात्री घ्यायचे, डॉक्टरांनी सकाळी करून दिलं. घोरण्याची तपासणी झाली, झोपेत श्वास अडकत होता, त्यानेही रात्रीची लघवी वाढते म्हणे. आता एकदा उठतात.

आणि भावांनो, एक बोलू का? तुम्ही विचारायला लाजता, आम्हाला तर विचारायला जागाच नसते. मुंबईत बायकांनी 'राईट टू पी' मोहीम २०११ मध्ये सुरू केली ती उगाच नाही. बर्डीवर खरेदीला निघायचं तर मी दोन तास आधीपासून पाणी पीत नाही. कूलरवाला भाऊंचं वाक्य वाचलं आणि वाटलं, हे तर मीच लिहिलंय.

ट्रॅव्हल्सवाला_गज्या | १६ मे, सकाळी ९.०५

ताई, हाव. माह्या गाडीत बाया पानीच पीत नाही रातभर. आता पेट्रोल पंप बघूनच थांबवीन, जिथं दार अन् लाईट दोनी हाय.

निळी_पँट | १६ मे, सकाळी ११.२०

हे लिहायला तीन वेळा सुरुवात करून खोडलं. वय ४७. लघवी झाल्यावर, झिप लावून बाहेर आलो की दोन-चार थेंब पडतात. त्यामुळे गेली चार वर्षं फक्त गडद रंगाच्या पँट घालतो. ऑफिसात कोणी बघेल या भीतीने शर्ट बाहेर. हे काही गंभीर आहे का?

बिनकोटाचा_डॉक्टर | १६ मे, सकाळी ११.४५

लिहिलंत ते फार बरं केलंत. हे अतिशय सर्रास आहे आणि बहुतेक वेळा गंभीर नसतं. मूत्रमार्गाचा एक भाग अंडकोशाच्या मागे खोलगट असतो, तिथे थोडी लघवी अडकते आणि चालायला लागलं की बाहेर येते. झाल्यावर थांबा, अंडकोशाच्या मागच्या जागेवर दोन-तीन बोटांनी हलका दाब देऊन पुढे सरकवत आणा, दोनदा. उरलेले थेंब तिथेच निघतात. मग कापड. धार बारीक असेल किंवा जळजळ असेल तर मात्र दाखवा.

निळी_पँट | १६ मे, दुपारी ३.१०

आत्ताच केलं. डॉक्टर... चार वर्षं. मनापासून धन्यवाद.

खर्रा_सुटला | १६ मे, रात्री ८.५०

माझंही ऐका. पंधरा वर्षं दिवसाला पाकीटभर सिगारेट, वर सुपारी-तंबाखूचे आठ-दहा खर्रे. तीन वर्षांपूर्वी एकदा सकाळी लघवी लाल झाली. दुखणं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप साफ. मी म्हटलं उष्णता झाली, गेली. बायकोने ऐकलं नाही, धरून नेलं. दुर्बिणीतून पाहिलं तर मूत्राशयात छोटी गाठ. लवकर सापडली, काढली, अजून ठरल्या तारखेला दुर्बीण करतो. सिगारेट आणि खर्रा दोन्ही त्याच दिवशी सुटले. पानठेल्यावरून जाताना अजून तोंडाला पाणी सुटतं, पण गाडी थांबत नाही.

बिनकोटाचा_डॉक्टर | १६ मे, रात्री ९.१०

तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा. न दुखता लाल लघवी, एकदाच झाली तरी, थांबली तरी, तपासायचीच. दुखत नाही म्हणून लोक सोडून देतात आणि तिथेच वेळ जातो. धुरातली विषारी द्रव्यं रक्तातून किडनीत आणि तिथून लघवीत उतरतात, मग ती लघवी तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहते. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण विडी-सिगारेट आहे. खर्ऱ्याने तोंडाचं काय होतं ते नागपुरात कोणाला सांगायला नको.

कूलरवाला_भाऊ | १७ मे, रात्री ९.४५

मंडळी, एवढे लोक लिहितील वाटलं नव्हतं. तीन दिवस वहीत मांडलं. किती प्यायलो, किती वाजता गेलो, किती झाली. जुना प्लॅस्टिकचा मापाचा मग बाथरूममध्ये ठेवला. पहिल्या दिवशी २४ तासांत ९०० मिली. काल १८००. आज दुपारपर्यंतच १२०० झाली, रंग फिकट.

आणि आज त्रिमूर्तीनगरला एका घरी पहिल्यांदा विचारलं. कूलरचा पंप बदलत होतो, घरात आजी एकट्याच. म्हटलं, आजी, बाथरूम वापरू का? त्या म्हणाल्या, "अरे बाबा, गेल्या वर्षी पण तूच आला होतास ना? तेव्हा विचारलं नाहीस ते?" बाहेर आलो तर ओट्यावर तांब्या भरून ठेवला होता.

बुटीबोरीकर | १७ मे, रात्री १०.२०

हा धागा मी काल बाबांना वाचून दाखवला. मधल्यांच्या बाबांचं ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले, मी पण पाचदा उठतो. वय ६८. उद्या सकाळी दहाची सोनोग्राफी घेतली आहे. डॉक्टर, उपाशी न्यायचं का?

बिनकोटाचा_डॉक्टर | १७ मे, रात्री १०.३२

उपाशी हवं की नाही ते सेंटरला फोन करून विचारा, पोटाची पूर्ण करणार असतील तर सांगतील. पाणी मात्र तासभर आधी तीन-चार ग्लास पाजा, पिशवी भरलेली लागते. आधी भरल्यावर बघतील, मग लघवी करून आल्यावर किती उरली ते पुन्हा बघतील. ती दुसरी तपासणी झाल्याशिवाय निघू नका. आणि त्यांना बाथरूमजवळच्या खुर्चीवर बसवा.